माल्कम पेठेचं दुसरं टोक

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचं जुनं नाव माल्कम पेठ. आपण तिथे पिढ्यान्‌पिढ्या चणे, चपला आणि जॅमच्या बाटल्या घेत आलो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी हे नाव असायचं, जुन्या कागदपत्रांत तर आहेच. पण हा माल्कम कोण, कुठला, असा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, तसाच हा आणखी एक साहेब, एवढंच.

तर मंडळी, या साहेबाचं गाव एडिनबरापासून गाडीने दोन तासांवर आहे. नाव लँगहोम. लिहायचं लँगहोम, गावकरी म्हणतात 'लँगम'. इंग्लंडची सीमा तिथून जेमतेम आठ मैल. स्कॉटलंडला येणारे पाहुणे एडिनबराचा किल्ला बघतात, लॉख नेसला जाऊन राक्षस दिसतो का ते बघतात आणि परत जातात. लँगहोमला सहसा कुणी जात नाही. आम्ही गेलो त्याचं कारण माझे सासरे. अण्णा पुण्याच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवत होते. पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते, आणि किल्ला बघून झाल्यावर म्हणाले, "जावईबापू, ज्याच्यापुढे दुसऱ्या बाजीरावाने शस्त्र ठेवलं, तो सर जॉन माल्कम इकडचाच ना?" एका शनिवारी सकाळी डबे भरून निघालो. मी, बायको आणि अण्णा.

एडिनबराहून दक्षिणेला जाणारा रस्ता गॅलशील्स, सेल्कर्क, हॉइक अशी लोकरीच्या गिरण्यांची गावं घेत जातो. हॉइकनंतर डोंगर जवळ येतात. सगळीकडे गवताळ, गोलसर, झाडं नसलेले डोंगर आणि त्यांवर मेंढ्या. याच वाटेवर टेव्हिअटहेडजवळ कार्लेनरिग नावाची जागा लागते. इथे १५३० साली स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याने जॉनी आर्मस्ट्राँग नावाच्या पुंडाला त्याच्या माणसांसकट फासावर दिलं. त्यांच्या स्मरणाचा दगड तिथे आहे.

या पुंडांबद्दल थोडं सांगायला हवं. चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंग्लंड-स्कॉटलंडची ही सीमा म्हणजे अक्षरशः मोगलाई होती. दोन्ही राजांची सैन्यं आलटून पालटून पिकं जाळायची. शेती करून उपयोग नाही म्हटल्यावर इथल्या कुळांनी दुसरा धंदा धरला. रात्री घोड्यावरून जायचं आणि दुसऱ्याची गुरं हाकून आणायची. आर्मस्ट्राँग, इलियट, ग्रॅहम, जॉन्स्टन ही यातली नावाजलेली कुळं. यांना 'रीव्हर' म्हणतात. १६०३ मध्ये दोन्ही देशांना एकच राजा मिळाला आणि मग त्याने यांतल्या कित्येकांना फासावर चढवून, कित्येकांना हद्दपार करून हा प्रकार मोडून काढला. लँगहोमच्या दक्षिणेला गिलनॉकी नावाची त्यांची एक दगडी गढी अजून उभी आहे. आपल्याकडे वाडे असतात तशी ऐसपैस नाही. एकावर एक मजले चढवलेला अरुंद मनोरा, जाड भिंती, चिमुकल्या खिडक्या. ती बघून अण्णा म्हणाले, "अहो, हे तर इकडचे पेंढारी." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाव छोटंसं, दोन-अडीच हजार वस्तीचं. एस्क नदीला इथे यूझ आणि वॉकप असे दोन प्रवाह मिळतात, म्हणजे त्रिवेणी संगमच म्हणायचा. एके काळी गावात ट्वीडच्या गिरण्या होत्या, त्यातल्या बहुतेक आता बंद. रेल्वेही होती, १९६४ साली प्रवासी गाड्या थांबल्या. जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी मात्र गाव ओसंडून वाहतं. गावच्या सामाईक जमिनीच्या सीमा दरवर्षी घोड्यावरून फिरून तपासायच्या, अशी इथली रीत आहे. अठराव्या शतकात या जमिनीवरून कोर्टकज्जा झाला, गावाचा हक्क ठरला आणि तो विसरला जाऊ नये म्हणून दरवर्षी ही घोडदौड. आपल्याकडे शिवेवरच्या देवाला नारळ फोडतात तसंच काहीसं.

आणखी एक गंमत. १९७२ साली या गावाने आपला पहिला मानद नागरिक निवडला तो चंद्रावर पाऊल ठेवणारा नील आर्मस्ट्राँग. तो स्वतः आला होता. त्या समारंभात न्यायाधीशांनी चारशे वर्षांपूर्वीचा, कधीच रद्द न केलेला एक कायदा वाचून दाखवला. गावात आर्मस्ट्राँग सापडला तर त्याला फाशी द्यावी असा! :)

आता मूळ मुद्द्यावर येतो.

गावापासून चार-पाच मैलांवर, एस्कच्या काठी, बर्नफूट नावाचं शेत आहे. अठराव्या शतकात तिथे जॉर्ज माल्कम नावाचा कुळवाडी शेतकरी राहायचा. त्याला सतरा मुलं. चुकून लिहिलेलं नाही, सतराच. त्यातला जॉन जन्मला २ मे १७६९ रोजी. बापाने व्यवहारात हात घातला तो बुडाला आणि कर्ज झालं. कर्जबाजारी शेतकऱ्याने सतरा पोरांचं करायचं काय? ओळखीपाळखी काढून एकेकाला बाहेर लावून दिलं, कुणाला आरमारात, कुणाला कंपनीत. जॉनला बारा-तेराव्या वर्षीच ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नेमणूक मिळाली. असं सांगतात की लंडनच्या मुलाखतीत साहेबांनी त्याला विचारलं, हैदर अली समोर आला तर काय करशील? पोरगा म्हणाला, तलवार काढून डोकं उडवीन. आणि नोकरी पक्की झाली. १७८३ साली तो मद्रासला उतरला तेव्हा चौदा वर्षांचाही झाला नव्हता. आपल्याकडे त्या वयाच्या मुलाला एकट्याने मुंबईहून पुण्याला पाठवायचं तरी आपण दहा वेळा विचार करतो.

या एका घरातले चार भाऊ पुढे 'सर' झाले. त्यातला एक, पुल्टनी, अ‍ॅडमिरल होता. त्याचा पुतळा लँगहोमच्या वाचनालयाच्या बागेत आहे. १८१६-१७ मध्ये सेंट हेलेना बेटाभोवतीचं आरमार त्याच्या ताब्यात होतं, म्हणजे नेपोलियनवर पहारा ठेवण्याचं काम त्याच्याकडे. आणि तिथून तो परतल्यावर वर्षभरातच धाकट्या जॉनपुढे आपला पेशवा शरण आला. एका कर्जबाजारी घरातली दोन पोरं, एकाच्या पहाऱ्यात फ्रान्सचा सम्राट, दुसऱ्याच्या छावणीत मराठ्यांचा पेशवा. पुतळ्यासमोर उभं राहून हा हिशोब मांडला आणि खरं सांगतो, थोडं गरगरलं.

तो इतिहास अण्णांनी गाडीतच पुन्हा एकदा सांगितला, तारखांसकट. २१ डिसेंबर १८१७ ला क्षिप्रेकाठी महिदपूरची लढाई झाली. होळकरांचा राजा दुसरा मल्हारराव तेव्हा अकरा वर्षांचा. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईला आदल्याच दिवशी तिच्याच लोकांनी मारलेलं. तरी होळकरांच्या तोफांनी अशी आग ओकली की कंपनीचेच सातशेहून जास्त लोक मेले किंवा जखमी झाले. नदी ओलांडून हल्ला चढवणाऱ्यांच्या पुढे माल्कम होता. जानेवारीत मंदसोरचा तह झाला. फेब्रुवारीत करीमखान पेंढारी माल्कमलाच शरण आला. आणि बाजीराव? खडकी, येरवडा, कोरेगाव, आष्टी. आष्टीला बापू गोखले पडले आणि मग नुसती धावाधाव उरली. शेवटी ३ जून १८१८ रोजी अशीरगडाजवळ बाजीराव माल्कमच्या छावणीत आला. वर्षाला आठ लाख रुपये तनखा आणि गंगेकाठी बिठूरला वास्तव्य, असं ठरलं.

आठ लाख हा आकडा माल्कमने कबूल केला आणि त्याच्या वरिष्ठांचं पित्त खवळलं. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या मते ही फार मोठी खैरात होती. माल्कमचं म्हणणं, लढाई लांबली तर याहून जास्त खर्च होईल. बाजीराव काही लवकर गेला नाही. १८५१ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षं जगला आणि कंपनीला अडीच कोटींहून अधिक रुपये पडले. तो गेल्यावर दत्तक मुलाचा तनखा नाकारला गेला. हा मुलगा म्हणजे नानासाहेब. पुढचं सगळ्यांना ठाऊकच आहे.

गावाच्या पूर्वेला व्हिटा नावाचा साडेतीनशे मीटर उंचीचा डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर माल्कमचा शंभर फुटी दगडी स्तंभ आहे. तो १८३३ मध्ये वारला आणि १८३५ मध्ये हा उभारला. गावात कुठेही उभे राहा, मान वर केली की दिसतोच. आपल्याकडे गावाच्या वर टेकडीवर देऊळ दिसावं तसा. न्यूकॅसलटनकडे जाणाऱ्या घाटरस्त्याने बऱ्याच उंचीपर्यंत गाडी जाते, मग थोडं चालायचं. सिंहगड चढणाऱ्याला काहीच नाही.

गाडी ठेवली तिथून जवळच एक वेगळंच स्मारक आहे. गंजल्या लोखंडाचं, उघड्या पुस्तकाच्या आकाराचं. ते कवी ह्यू मॅकडिअर्मिडचं. तो याच गावचा, जन्म १८९२. गावच्या वाचनालयाच्या इमारतीतच त्याचं कुटुंब राहायचं, आई तिथली देखभाल करायची आणि हा पोरगा वरची पुस्तकं टोपलीभरून खाली आणून वाचायचा. मोठेपणी त्याने प्रतिष्ठित इंग्रजी बाजूला ठेवून स्कॉट्स बोलीत मोठी कविता लिहिली. डाव्या विचारांचा, कडवा स्कॉटिश राष्ट्रवादी आणि तोंडाचा फटकळ. गावातल्या बऱ्याच जणांशी त्याचं कधी पटलं नाही. म्हणून की काय, त्याचं स्मारक गावात नाही, बाहेर डोंगरावर वाऱ्यात आहे.

इथे अण्णा थांबले. म्हणाले, "तुम्ही दोघं जाऊन या. मी इथे बसतो." मला वाटलं गुडघे. बायको म्हणाली, "बाबा, हळूहळू जाऊ की." ते म्हणाले, "गुडघे ठीक आहेत गं. तीस वर्षं मी मुलांकडून ती तारीख पाठ करून घेतली. दरवर्षी तो धडा आला की वर्ग गप्प व्हायचा. आता त्या माणसाच्या खांबाला हात लावून फोटो काढायचा, ते काही जमायचं नाही." आणि लोखंडी पुस्तकाच्या आडोशाला, वारा चुकवून बसले.

आम्ही वर गेलो. स्तंभ अगदी साधा, सरळसोट, निमुळता होत गेलेला. वरून एस्कचं खोरं दिसतं आणि दक्षिणेला इंग्लंडचे डोंगर. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. मला तिथे राग आला नाही, अभिमान तर नाहीच नाही. सारखं एवढंच मनात येत होतं, की ज्याला आपण 'पेशवाई बुडाली' म्हणतो, ती या खोऱ्यात एका घराची पोरं मार्गी लागल्याची गोष्ट आहे. तो स्तंभ उभा करणाऱ्या लोकांच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा नसणार. त्यांच्यापुढे बर्नफूटचा तो बारा-तेरा वर्षांचा पोर असणार.

आणि अण्णांचं पेंढाऱ्यांचं वाक्य आठवलं. ज्या खोऱ्यातले लोक दोनशे वर्षांपूर्वी रात्री घोड्यावरून जाऊन गुरं लुटायचे, तिथला पोरगा माळव्यात जाऊन पेंढाऱ्यांना शिस्त लावत होता. त्याला स्वतःला हे कधी जाणवलं असेल का?

माल्कमला निव्वळ खलनायक ठरवून मोकळं होणं तसं सोपं आहे, पण ते खरं होणार नाही. माळव्यात असताना त्याने जुन्या लोकांना विचारून विचारून माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. अहिल्याबाई होळकरांच्या कारभाराची त्याने त्यात मनापासून वाखाणणी केली आहे. बाईंना पाहिलेली माणसं तेव्हा हयात होती. आज आपण अहिल्याबाईंबद्दल जे अभिमानाने सांगतो, त्यातलं बरंचसं होळकरांशी लढलेल्या या माणसाने टिपून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून त्याने महाबळेश्वरची जागा घेतली, ती ही माल्कम पेठ. १० नोव्हेंबर १८३० रोजी गाड्या जाऊ शकतील असा बोरघाटाचा रस्ता त्याच्याच हस्ते सुरू झाला. मुंबई-पुणे करताना खंडाळ्याला धुकं बघून खूश होणारे आपण सगळे थोडेफार त्याचे देणेकरी आहोत. पण ज्याने रस्ता दिला त्यानेच राज्य घेतलं, हेही त्याच वहीत लिहायला हवं. दोन्ही नोंदी एकाच पानावर ठेवणं जड जातं खरं.

दुपारी डबा खाऊन (थालीपीठ, एस्कच्या काठी!) वायव्येला बेंटपाथ या वस्तीकडे निघालो. वाटेत बर्नफूट लागतं, पण ते खासगी घर आहे म्हणून थांबलो नाही. बेंटपाथ म्हणजे एक चर्च, एक पूल, थोडी घरं आणि एक वाचनालय. हे वेस्टरकर्कचं वाचनालय १७९३ साली सुरू झालं. सुरू कुणी केलं? जवळच्या अँटिमनीच्या खाणीतल्या कामगारांनी! फ्रान्समध्ये क्रांतीचा धुरळा उडालेला, आणि इथे खाणकामगार वर्गणी काढून पुस्तकं घेत होते.

याच भागात ग्लेनडिनिंगला १७५७ मध्ये एका मेंढपाळाच्या घरी थॉमस टेलफर्ड जन्मला. काही महिन्यांतच बाप गेला. पोरगा गावशाळेत शिकला, लँगहोमला गवंडीकाम शिकला, तिथल्या एस्कवरच्या पुलाचे दगड घडवले आणि पुढे ब्रिटनमधला सर्वांत मोठा रस्ते-पूल बांधणारा इंजिनियर झाला. मेनाय सामुद्रधुनीवरचा १८२६ चा झुलता पूल त्याचाच. माल्कम याच वेस्टरकर्कच्या शाळेतला, बारा वर्षांनी लहान. एका खेड्यातल्या शाळेची ही दोन पोरं, आणि दोघांचेही पुतळे लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आहेत. (माल्कमचा आणखी एक मुंबईला एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये आहे. पुढच्या वेळी पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरू नका, आत जाऊन बघा.) टेलफर्डने मृत्युपत्रात लँगहोम आणि वेस्टरकर्क या दोन्ही वाचनालयांना हजार-हजार पौंड ठेवले. त्यातल्याच लँगहोमच्या वाचनालयात पुढे मॅकडिअर्मिडने टोपल्या भरल्या.

वाचनालय बंद होतं. अण्णा मात्र खिडकीच्या काचेला नाक लावून बराच वेळ आतली कपाटं बघत होते. मग म्हणाले, "१७९३. आपल्याकडे नाना फडणीस होते. आपल्या किती कामगारांना तेव्हा अक्षरओळख होती? तोफा, कवायत हे सगळं मी मुलांना शिकवलं. हे शिकवायचं राहून गेलं."

मी काही बोललो नाही. पण चर्चच्या आवारात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांना दाखवली. जॉन्स्टन घराण्याची समाधी. रॉबर्ट अ‍ॅडम या नामांकित वास्तुकाराची, १७९० च्या सुमाराची, ग्रीक देवळासारखी. या घराण्यातला एक जॉन जॉन्स्टन बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत होता, तो प्रचंड पैसा घेऊन १७६५ मध्ये परतला. त्याच्याबरोबर बंगालमधली एक गुलाम मुलगीही इथे आणली गेली. कागदोपत्री तिचं नाव 'बेल किंवा बेलिंडा'. आईबापांनी ठेवलेलं नाव काय होतं, कोण जाणे. १७७१ मध्ये नदीत एक तान्हं मूल मृत सापडलं आणि तिच्यावर बालहत्येचा आरोप आला. पर्थच्या कोर्टाने तिला आयुष्यभराची गुलाम म्हणून अमेरिकेत व्हर्जिनियाला धाडलं. त्यापुढे तिचा माग लागत नाही. माल्कमच्या शंभर फुटी स्तंभाच्या खोऱ्यात तिच्या नावाचा वीतभर दगडही नाही. बायको त्यानंतर बराच वेळ गप्प होती.

परतताना एस्कडेलम्यूरवरून आलो. तिथे त्या मेंढ्यांच्या रानात अचानक सोनेरी कळसाचं तिबेटी बौद्ध मंदिर उभं राहतं. साम्ये लिंग. तिबेट सोडून भारतात आश्रय घेतलेल्या दोन लामांनी १९६७ मध्ये सुरू केलेलं, पश्चिमेतलं अशा प्रकारचं पहिलं केंद्र. अण्णांनी तिथे चपला काढून नमस्कार केला आणि चहा घेतला. दिवसभरात पहिल्यांदाच मोकळे हसले.

अलीकडची एक बातमी सांगून थांबतो. लँगहोमच्या पूर्वेची माळरानं पिढ्यान्‌पिढ्या बक्लू या बड्या जमीनदार घराण्याकडे होती. २०२१ आणि २०२२ मध्ये गावाने देणग्या गोळा करून त्यातली दहा हजार एकरांहून अधिक जमीन विकत घेतली आणि तिथे गावाच्या मालकीचं राखीव रान केलं. साठ लाख पौंड लागले. दोन-अडीच हजार वस्तीचं गाव! ज्या गावाने पोरांना परमुलुखात पाठवून दुसऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्याला स्वतःच्या उशाची जमीन मिळवायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. खाणकामगारांनी वर्गणी काढून पुस्तकं घेतली होती, यांनी डोंगर घेतला. मला त्या स्तंभापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

आमच्यासारख्यांची घरंही शेवटी पोरं बाहेर पाठवणारीच. तोफा घेऊन आम्ही आलो नाही, एवढा फरक नक्कीच आहे आणि तो लहान नाही. पण घरी पैसे पाठवणं, आईची पत्रं (आता फोन), परक्या मुलखात भावाला चिकटवून देणं, हे सगळं बर्नफूटच्या त्या घरात होतं, तसंच आपल्याही घरांत आहे. कदाचित म्हणूनच मला वर राग आला नसावा. अण्णांचं खाली बसणंही मला तितकंच पटतं. त्यांना मी वरचा फोटो दाखवला नाही, आणि त्यांनीही मागितला नाही.

तेव्हा काका, मावशी, मंडळी, मे महिन्यात महाबळेश्वरला जाल तेव्हा बाजारातून फिरताना मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. तारखा विचारल्या तर अण्णांना फोन करा. सगळ्या पाठ आहेत.